चार जुने संच मिळालेत, रिपीटर होईल का?

प्रश्न थोडक्यात असा. पीथमपूरच्या एका कारखान्याने सुरक्षा विभागाचे जुने वायरलेस संच मोडीत काढले. त्यातले चार, गाडीत बसवायचे २५ वॅटचे व्हीएचएफ संच इंदूरच्या काही हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या हाती आले. दोन जुने, क्रिस्टलवर (ठरावीक वारंवारिता देणाऱ्या स्फटिकावर) चालणारे. दोन मोटोरोला जीएम ३००. मंडळी विचारतात: ‘हे दोन मीटरच्या (हौशी रेडिओच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यावर आणून रिपीटर (अशक्त सिग्नल ऐकून तोच जोरात पुन्हा सोडणारं केंद्र) करता येईल का, आणि गावाबाहेर पोचायला २५ वॅट पुरतील का?’

होईल. आणि २५ वॅट पुरतील का, हे विचारूच नका, दहाच वापरा. का ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. संच १५८ मेगाहर्ट्झवरून १४५ वर आणणं हे दोन दिवसांचं काम आहे. पहिला रिपीटर करताना मी ते रविवारी सकाळी पोहे-जिलबीनंतर सुरू केलं आणि सोमवारी रात्री संपवलं. पुढचे आठ महिने गेले ते त्याच ट्रान्समीटरच्या आवाजाने शेजारचा रिसीव्हर बहिरा होऊ नये, एवढ्याचसाठी. सगळे ट्रान्समीटरबद्दल विचारतात, घोडं मात्र पेंड खातं ते रिसीव्हरपाशी.

कल्पना यावी म्हणून आकडे बघा. रिपीटर १४५.०२५ वर ऐकतो आणि त्याच क्षणी १४५.६२५ वर तेच बोलतो. मधलं अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. देवासच्या पलीकडून कुणी हातातल्या संचावर बोललं तर तुमच्या रिसीव्हरच्या तोंडाशी पाव मायक्रोव्होल्ट येईल. ५० ओहमच्या हिशेबाने ती शक्ती भरते सव्वा फेम्टोवॅट. हातभरावर तुमचाच ट्रान्समीटर १० वॅट ओकतोय. दोघांतला फरक ८ वर १५ शून्यं, म्हणजे १५९ डीबी (डेसिबल; दर १० डीबीला शक्ती दहापट). लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून रस्त्यापलीकडच्याची कुजबूज ऐकायची, आणि तीही बँड वाजत असतानाच, असा हा प्रकार.

कागदपत्रांचं एकदाच सांगतो. आपला पट्टा १४४ ते १४६. परदेशी लेख वाचून कुणी १४७ च्या जोड्या सुचवील, त्या आपल्याकडे चालत नाहीत. रिपीटरसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची स्वतंत्र परवानगी लागते. स्वतःच्या कॉलसाइनच्या परवान्यावर तो उभा करता येत नाही. संच मिळाल्याचं कारखान्याचं पत्र जपून ठेवा. आणि संचाला वीज द्यायच्या आधी अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रोधक) लावा. संचांत कारखान्याच्या जुन्या वाहिन्या अजून जिवंत आहेत, त्या आता दुसऱ्या कुणाला दिलेल्या असू शकतात. ‘चालतोय का बघू’ म्हणून पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा.

आता चारांतले कुठले वापरायचे? एक संच एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, त्यामुळे दोन लागणारच. माझं मत: ट्रान्समीटर क्रिस्टलवाला, रिसीव्हर जीएम ३००. दुसरा क्रिस्टलवाला सुट्ट्या भागांसाठी, दुसरा जीएम ३०० तसाच प्रोग्रॅम करून कपाटात.

जुनाट डबा ट्रान्समीटर म्हणून का निवडतोय, असं वाटेल. कोणताही ट्रान्समीटर फक्त आपल्या वारंवारितेवर बोलत नाही, आजूबाजूला बारीक फसफस सोडत असतो. ही फसफस तुमच्या रिसीव्हरच्या वारंवारितेवर थेट पडते आणि रिसीव्हरचा कुठलाही फिल्टर ती काढू शकत नाही, कारण ती त्याच्याच घरात असते. ती अडवायची तर ट्रान्समीटरच्याच बाजूला. सिंथेसायझरवाल्या (वारंवारिता इलेक्ट्रॉनिक सर्किटने घडवणाऱ्या, जीएम ३०० सारख्या) संचांत ही फसफस जास्त, क्रिस्टलमध्ये कमी. म्हणून ज्या संचाला आज भंगारवाला किलोच्या भावाने तोलतो, तो रिपीटरवाल्याला सोन्याचा. हल्ली काही जण क्रिस्टल काढून तिथे सिलिकॉन घड्याळाची छोटी चिप बसवतात. स्वस्त आणि कुठलीही वारंवारिता मिळते. पण क्रिस्टलच्या जागची वारंवारिता संचात पुढे १२ पट केली जाते, आणि त्यात चिपचा कचरा साडेएकवीस डीबीने वाढतो. साध्या बोलण्याला चालेल, रिपीटरच्या ट्रान्समीटरला नाही.

क्रिस्टलचा हिशेब सोपा आहे. तुमच्या संचात १२ पटीची साखळी असेल (आधी तिप्पट, मग दुप्पट, मग पुन्हा दुप्पट, अशी बहुतेकांत असते), तर १४५.६२५ ला १२ ने भागा: १२.१३५४ मेगाहर्ट्झ. मागवताना मात्र दशांशानंतर सहा घरं लिहून द्या, आणि लोड कपॅसिटन्स किती ते संचाच्या पुस्तिकेतून बघून कळवा. नुसतं ‘बारा पॉइंट तेरा’ सांगून मी एकदा असा क्रिस्टल आणवला होता की ट्रिमर (बारीक जुळवणीचा कपॅसिटर) पूर्ण फिरवूनही चार किलोहर्ट्झ बाजूला. उद्या हाच संच रिसीव्हर करायचा झाला तर आधी रिसीव्हरच्या आतली मधली वारंवारिता, १०.७ मेगाहर्ट्झ, वजा करायची: १४५.०२५ मधून गेली की उरते १३४.३२५, आणि तिप्पटीची साखळी असेल तर क्रिस्टल ४४.७७५ चा. पण एक-दोन नग कापून देणारा आता सहज सापडत नाही. मिश्र जोडी सुचवली ती म्हणूनच. एकाच क्रिस्टलसाठी हात जोडावे लागतील.

नवा क्रिस्टल बसला की साखळीची प्रत्येक पायरी जुळवायची. १५८ वरून १४५ ला यायचं तर जवळपास ८ टक्के खाली, म्हणजे प्रत्येक ट्यून सर्किटला साधारण १८ टक्के जास्त कपॅसिटन्स हवा. पहिल्या पायऱ्यांत कॉइलचा गाभा आत फिरवून भागतं. पुढच्या पायऱ्यांत गाभा पूर्ण आत गेला तरी मीटरचा काटा चढतच असतो, शिखर काही येत नाही. तिथे जोर लावू नका, गाभा फुटतो. कॉइलला समांतर दोन-तीन पिकोफॅरडचा सिरॅमिक, एनपीओ (तापमानाने न बदलणाऱ्या) जातीचा कपॅसिटर टाका. शिखर कसं मधोमध येतं बघा. वीस-पंचवीस वर्षांचं मेण गाभ्यावर बसलेलं असतं. ते केस वाळवायच्या यंत्राने हलकं तापवून मऊ करा, आणि स्क्रूड्रायव्हर प्लॅस्टिकचाच वापरा. लोखंडी पात्याने केलेली ट्यूनिंग पातं बाहेर काढताच मोडते, आणि मग माणूस तासभर त्याच कॉइलशी भांडत बसतो.

काटा चढला म्हणजे झालं, असंही नाही. तिप्पटीची पायरी चुकून चौपटीवर शिखर दाखवते. म्हणून शेवटी टायनीएसए (कुठल्या वारंवारितेवर किती शक्ती ते दाखवणारं छोटं यंत्र) किंवा उसनं आणलेलं स्पेक्ट्रम यंत्र लावून खात्री करा की १४५.६२५ लाच सुळका आहे आणि बाकी सगळं त्याच्या पायाशी आहे. अशी साखळी असलेल्या संचात एक लपलेला खड्डा आहे: ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (आवाजाने वारंवारिता किती सरकते ते माप) हवं असेल तर मुळाशी क्रिस्टल जेमतेम ४१७ हर्ट्झने हलतो. डेव्हिएशनचं पॉट (फिरवायचं बटण) केसभर फिरवलं की बाहेर भलताच फरक. म्हणून कानाने लावू नका, मोजून लावा.

जीएम ३०० चं काम वेगळ्या जातीचं. त्याचा व्हीएचएफचा एक प्रकार १४६ ते १७४ चा येतो, आणि आपला पट्टा १४६ ला संपतो! प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर डॉसचं, जुन्या संथ संगणकावर चालणारं. ते १४६ खालचा आकडा घ्यायला नकार देतं. जुने लोक शिफ्ट की दाबून आकडे टाकतात आणि मग ते मुकाट्याने घेतं. पण सॉफ्टवेअरने ऐकलं म्हणून ऑसिलेटर ऐकेलच असं नाही. संच रात्रभर थंडीत ठेवा, पहाटे चालू करा. नेमलेल्या वारंवारितेवर लॉक होतो का? मग मे महिन्यात दुपारी, टिनाखाली. दोन्ही वेळा झाला तर तुमचा. न झाल्यास व्हीसीओला (वारंवारिता घडवणाऱ्या ऑसिलेटरला) थोडं खाली खेचावं लागेल. समोरच्या पट्ट्याचे फिल्टरही १४५ साठी पुन्हा लावून घ्या, नाहीतर संवेदनशीलता निम्म्यावर येते आणि दोष डुप्लेक्सरला (एकाच अँटेनावर ऐकणं-बोलणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरला) जातो.

मागच्या १६ पिनांच्या जोडणीत तुम्हाला हवं ते बहुतेक आयतं आहे: ११ वर रिसीव्हरचा ऑडिओ, ८ वर ‘कुणीतरी आलंय’ हा संकेत (सॉफ्टवेअरमध्ये तसा नेमून घ्यावा लागतो), ७ वर जमीन (अर्थिंग). हाच संच पुढे ट्रान्समीटर म्हणून वापरलात तर ३ वर पीटीटी आणि ५ वर सपाट ऑडिओ. ११ वरचा ऑडिओ सपाट हवा की उतरवलेला (उंच सूर कमी केलेला), ते आतल्या जंपरने ठरतं.

ऑडिओबद्दल थोडं थांबतो, कारण लोक इथे आळस करतात. स्पीकरची वायर काढून माइकमध्ये घातली की रिपीटर ‘चालतो’. आवाज मात्र मडक्यातून आल्यासारखा, आणि कुणी येताजाता व्हॉल्यूम फिरवला की सगळं बिघडतं. ऑडिओ व्हॉल्यूमच्या पॉटच्या आधी घ्या. तुमच्या क्रिस्टल ट्रान्समीटरमध्ये फेज मॉड्युलेटर असणार, त्यात उंच सूर आपोआप चढवले जातात. म्हणून त्याला रिसीव्हरकडून उतरवलेलाच ऑडिओ द्या. सपाट दिलात तर सगळी माणसं पत्र्यावर खडे टाकल्यासारखी बोलतील. एक किलोहर्ट्झचा स्वर तीन किलोहर्ट्झ डेव्हिएशनने आत सोडा, बाहेरही तीनच यावा. तेवढं जमलं की ऑडिओ झाला.

कंट्रोलरला फार डोकं लावू नका. एक अर्डुइनो, एक ट्रान्झिस्टर पीटीटीला. तीन मिनिटांनी आपोआप बंद, बोलणं संपल्यावर सेकंदभर शेपूट, ठरावीक वेळाने मोर्समध्ये कॉलसाइन. रिसीव्हरला सीटीसीएसएस टोन (बोलण्याखाली दडलेला, रिपीटर उघडणारा खालचा सूर) लावा, नाहीतर शहरातला प्रत्येक बिघडलेला एलईडी दिवा तुमचा रिपीटर उघडेल.

उष्णतेकडे येऊ. गाडीतले संच ‘एक मिनिट बोला, चार मिनिटं ऐका’ या हिशेबाने बनलेले असतात. रविवारच्या नेटवर (ठरल्या वेळी सगळे रेडिओवर जमतात तेव्हा) रिपीटर तासभर बोलतच असतो. माझ्या टेबलावर मोजलेले आकडे: २५ वॅट देताना संच साडेपाच अँपिअर खात होता, म्हणजे १३.६ व्होल्टला जवळपास ७५ वॅट. त्यातले ५० वॅट नुसती धग. शक्ती १० वॅटवर आणली तर ३.६ अँपिअर, ४९ वॅट, धग ३९. लक्षात आलं का? बाहेर पडणारी शक्ती निम्म्याहून खाली आली, धग मात्र जेमतेम पाचव्या हिश्श्याने कमी झाली. म्हणून ‘शक्ती कमी केली, आता पंखा कशाला’ हे चालत नाही. हीटसिंकवर १२ व्होल्टचा पंखा कायम फिरता ठेवा, पीटीटीबरोबर चालू-बंद होणारा नको. धग बोलणं थांबल्यावरही बाहेर येतच असते. आणि २५ वरून १० वर आल्याने ऐकणाऱ्याला फरक किती? चार डीबी. एस-मीटरचं (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्याचं) एक घरही नाही.

आता खरं प्रकरण, डुप्लेक्सर. एकाच अँटेनावर बोलायचं आणि ऐकायचं तर मध्ये ८० ते ९० डीबीची भिंत लागते, आणि तीही ६०० किलोहर्ट्झच्या फटीत. बाजारात टिफिनच्या डब्याएवढे चपटे डुप्लेक्सर मिळतात; ते साडेचार-पाच मेगाहर्ट्झ अंतरासाठी असतात. विकणारा ‘सब चलेगा’ म्हणतो. ६०० किलोहर्ट्झला ते चालत नाहीत, कितीही फिरवा. इथे मोठ्या घागरी लागतात: पाव तरंगलांबीच्या, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर उंचीच्या, चार ते सहा कॅव्हिटी (धातूची पोकळ नळकांडी). व्यावसायिक व्हीएचएफचा सहा नळकांड्यांचा जुना डुप्लेक्सर कुठे मोडीत दिसला तर चारही संच देऊन तो घ्या, असं मी म्हणेन. त्याच्या दांड्या थोड्या आणखी आत सरकवल्या की तो १४५ वर येतो.

मिळाला नाही तर घरी करता येतो. मी केलाय. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात सहा इंची तांब्याच्या नळ्यांना बूड-झाकण बसवून घ्यायला गेलो, तर तो कारागीर चारही नळ्या उलटसुलट करून बघत राहिला. ‘भिया, इसमें पानी किधर से डालोगे?’ त्याला वाटलं आंघोळीचे बंब करतोय. काम मात्र त्याने असं केलं की आतला सांधा बोटाला लागत नव्हता. तेच महत्त्वाचं आहे: १४५ मेगाहर्ट्झला तांब्यातून वीज फक्त साडेपाच मायक्रॉन खोलीपर्यंत वाहते. भिंत किती जाड याला अर्थ नाही, आतली कातडी किती गुळगुळीत यालाच. मधल्या दांडीला धरणाऱ्या स्प्रिंगच्या बोटांवर कंजूषी करू नका. तिथे काळपट थर आला की वर्षभरात चरचर सुरू होते.

माझी चूक दांडीत होती. सरकणारी दांडी मी पितळेची केली, कारण हाताशी पितळ होतं. मे महिन्यात, गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत घाम गाळत डुप्लेक्सर लावला. अप्रतिम चालला. महू, देवास, सांवेर, सगळे खणखणीत. जानेवारीत तक्रारी सुरू झाल्या: पहाटेच्या नेटवर बाहेरगावचं कुणी येतच नाही. मी दुपारी जाऊन तपासायचो, सगळं ठीक. पंधरा दिवस मी लोकांनाच सांगत होतो की तुमच्या अँटेना बघा. मग एका पहाटे पाच वाजता कानटोपी घालून गच्चीवर गेलो आणि नॅनोव्हीएनए (फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) लावला. नॉच (नको ती वारंवारिता अडवणारा खड्डा) जागेवर नव्हता, वर सरकला होता. खाली येऊन कागदावर हिशेब केला: पितळ दर अंशाला लाखात जवळपास दोन भाग वाढतं. ५० सेंटिमीटर दांडी, ३० अंशांचा फरक, म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडी जास्त. मिलिमीटरचा पाव! पण तेवढ्याने वारंवारिता ८३ किलोहर्ट्झ सरकते. ६०० च्या फटीत ८३ म्हणजे भिंतीला भगदाड. ऊन चढलं की दांडी वाढायची आणि रिपीटरला पुन्हा ऐकू यायचं. बारा वाजता बरा, पहाटे बहिरा.

इलाज इनव्हारची दांडी. लोखंड-निकेलची ही मिश्रधातू पितळेच्या पंधराव्या हिश्श्याएवढीच वाढते, तोच हिशेब ५ किलोहर्ट्झवर येतो. इंदुरात ती दुकानात मागितली तर लोक तोंडाकडे बघतात. मी ती एका मोडक्या व्यावसायिक कॅव्हिटीतून काढली, सरकण्याचा भाग इनव्हारचा आणि त्यावर तांब्याची टोपी. तुम्ही सुरुवातीलाच तसं करा. इनव्हार मिळेपर्यंत पितळच वापरणार असाल तर डुप्लेक्सर ऑक्टोबरमध्ये, मधल्या हवेत लावा. दोन्ही टोकांना त्रास निम्मा होईल.

लावताना एक कॅव्हिटी घ्यायची, नॉच जागेवर आणायचा, मग दुसरी. नॅनोव्हीएनए इथे देवासारखा कामाला येतो, पण सगळ्या जोडून ८५ डीबी मोजायला जाल तर तो खोटं बोलेल; साधारण ७० च्या पुढे त्याला स्वतःचाच गोंगाट दिसतो. त्यापुढचं काम कानांनी, प्रत्यक्ष बारीक सिग्नल ऐकत. डुप्लेक्सरमध्ये दीड डीबी जाईल, १० वॅटचे ७ उरतील. जाऊ द्या.

‘दोन अँटेना लावून डुप्लेक्सर टाळता येणार नाही का?’ हा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. एकाच खांबावर एक खाली, एक वर, मध्ये दहा मीटर ठेवलेत तर कागदावर साधारण ५५ डीबी मिळतात. शेजारी-शेजारी दहा मीटरवर ठेवल्यात तर जेमतेम तीस-पस्तीस. म्हणजे उभ्या अंतराने काम अर्ध्याहून जास्त होतं. उरलेल्या तीसेक डीबीसाठी प्रत्येक बाजूला एखाद-दुसरी कॅव्हिटी पुरते. पैसे कमी आणि खांब उंच असेल तर हा रस्ता वाईट नाही. मात्र केबल दोन लागतात, आणि चांगली केबल स्वस्त नाही.

केबलवरून आठवलं. खोलीच्या आत, संच ते डुप्लेक्सर, आरजी ५८ चा एक वीतभर तुकडाही नको. तिची जाळी एकेरी, झिरपते. ८० डीबीची भिंत बांधायची आणि खालून दार उघडं ठेवायचं, असं होतं. दुहेरी जाळीची आरजी २१४ किंवा आरजी १४२, आणि एन कनेक्टर. दोन्ही संच वेगवेगळ्या पत्र्याच्या डब्यांत, डब्यात जाणारी प्रत्येक वायर फीडथ्रू कपॅसिटरमधून. हो, पीटीटीची पण.

बहिरेपणा कुठून येतोय ते शोधायची रीत अशी. कुणालातरी लांब पाठवा, त्याच्याकडून इतका अशक्त सिग्नल मागवा की तुमच्या रिसीव्हरमध्ये अर्धं बोलणं फसफशीत बुडालेलं असेल. आता ट्रान्समीटर चालू-बंद करा. चालू केल्यावर फसफस वाढली तर बहिरेपणा आहे. मग ट्रान्समीटरचा दोर डुप्लेक्सरमधून काढून डमी लोडला लावा. तरीही वाढते? तर गळती खोलीतच आहे: केबल, डबे, विजेच्या तारा. डमी लोडवर शांत आणि डुप्लेक्सरवर गोंधळ? तर डुप्लेक्सर नीट लागलेला नाही. डुप्लेक्सरच्या अँटेनाच्या तोंडाला डमी लोड लावून शांत, आणि खरी अँटेना लावल्यावरच चरचर? तर गच्चीवर जा, गंजलेले नट-बोल्ट, लोंबणारी जुनी टीव्हीची तार, पत्र्यांचे सैल सांधे बघा. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो. आमच्याकडे एकदा तो शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीच्या पट्टीत निघाला. पट्टी घासून रंगवून दिली. ते काका अजूनही विचारतात, की टाकीचा आणि रेडिओचा काय संबंध.

बाकीचं भरभर. संचातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदला, तपासत बसू नका. वीजपुरवठ्याला इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी, १३.८ व्होल्टवर तरंगती; स्वस्त स्विचिंग चार्जरची शीळ रिसीव्हरमध्ये येते, तो लांब ठेवा किंवा जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला घ्या. बॅटरी हवीच. २००१ साली भूजला भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. वीज गेली की मुका होणारा रिपीटर तसल्या दिवशी काय कामाचा? केबल घरात शिरण्याआधी वीजरोधक आणि जाड तांब्याची जमीन, जूनच्या पहिल्या गडगडाटाआधी. डब्याच्या प्रत्येक भोकाला बारीक जाळी. हे हसण्यावारी नेऊ नका, एकदा फ्यूज उडाला म्हणून डबा उघडला तर आत पॉवर ट्रान्झिस्टरच्या उबेला पाल येऊन चिकटली होती, कायमची.

जागेचं. तीन मजली घराच्या गच्चीवर, जमिनीपासून ३० मीटरवर अँटेना नेलीत तर रेडिओची क्षितिजरेषा साधारण २२ किलोमीटरवर येते. इंदूर झाकलं, महूपर्यंत पोचलं. जानापावचा डोंगर ८५४ मीटर, आपलं पठार साडेपाचशेच्या आसपास. तीनशे मीटरची उंची फुकट, आणि क्षितिज ७० किलोमीटरवर जातं. तिथून १० वॅट काय, दोन वॅटही लांबवर पोचतील. पण तिथे जागा, वीज आणि दर महिन्याला वर जाणारा माणूस हे तिन्ही लागतं. पहिलं वर्ष गच्चीवर काढा. रोज हाताशी असलेला रिपीटर चुका शिकवतो, डोंगरावरचा फक्त पेट्रोल खातो.

कुणी म्हणेल, दोन मीटर सोडा, यूएचएफ करा, कॅव्हिटी लहान होतात. खरं आहे. पण आपल्याला ४३४ ते ४३८ एवढाच पट्टा आहे, आणि छोटे यूएचएफ डुप्लेक्सर पाच मेगाहर्ट्झच्या फरकासाठी असतात. चार मेगाहर्ट्झच्या खोलीत पाचची खाट कशी मांडणार? तीन-साडेतीनवर ओढून लावता येतात, भिंत थोडी बुटकी होते. तुमचे संच व्हीएचएफचे आहेत, तेव्हा हा विषय इथेच सोडतो.

क्रिस्टल येईपर्यंत हात बांधून बसू नका. कारखान्याच्या वाहिन्या पुसा, कपॅसिटर बदला, डबे करायला टाका. अडलं तर संच घेऊन रविवारी माझ्याकडे या. डमी लोड आणि मोजमापाची यंत्रं आहेत. येताना जीएम ३०० च्या मागचा १६ पिनांचा प्लग विसरू नका. त्यात १५ आणि १६ क्रमांकाच्या पिना एकमेकींना जोडलेल्या असतात, आतल्या स्पीकरचा आवाज तिथूनच जातो. प्लग घरी राहिला तर संच चालू होईल, दिवे लागतील, आवाज मात्र येणार नाही. गेल्या वेळी एक जण याच कारणाने चांगला संच भंगारात देऊन मोकळा झाला होता.